अल्ट्रासाऊंडने मांडीच्या स्नायूची जाडी : आयसीसी ०.९१, तरी आकडे हलतात. मदत हवी आहे

फिजिओथेरपीच्या प्रबंधात अडकले आहे. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते गुडघ्याच्या वाटीची वरची कड, या अंतराच्या मध्यावर खूण करते. लिनिअर प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) आडवा धरून रेक्टस फिमोरिस आणि त्याखालचा व्हास्टस इंटरमिडियस या मांडीच्या पुढच्या दोन स्नायूंची मिळून जाडी घेते. २० जणांची मोजणी दोन दिवसांनी पुन्हा केली. आयसीसी (पुन्हा मोजल्यावर आकडे किती जुळतात ते सांगणारा गुणांक, जास्तीत जास्त १) ०.९१. सर खूश! पण तक्त्यात एकेक ओळ पाहिली तर काहींच्या दोन आकड्यांत चक्क ३ मिमीचा फरक. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर याच २० जणांची सरासरी वाढ २ मिमी आहे. ती खरी मानू का? माणसामाणसांतलं प्रमाण विचलन ४ मिमी आहे.

उत्तर १
आयसीसीवर भाळू नका. माणसं एकमेकांपासून जितकी वेगळी, तितका तो आपसूक फुगतो. चूक मिमीमध्येच काढा : ४ गुणिले (१ − ०.९१) चं वर्गमूळ, म्हणजे १.२ मिमी. त्याला २.७७ ने गुणलं (दोन मोजण्यांतल्या फरकाची ९५ टक्के मर्यादा) की ३.३. एखाद्या माणसाची वाढ याहून कमी असेल तर ती मोजणीचीच चूक असू शकते. म्हणजे तुमचे ३ मिमी अपेक्षितच आहेत.

सरासरीचं तसं नाही. ३.३ ला २० च्या वर्गमूळाने भागलं की जेमतेम ०.७ उरतात, त्यामुळे २ मिमी तग धरतात. मात्र दुसऱ्या खेपेला हात हलका पडला असेल तर ती चूक सगळ्यांत एकाच दिशेने जाते आणि भागून कमी होत नाही. नियंत्रण गट (व्यायाम न करणारा) आहे ना?

आणि एक : दुसऱ्या दिवशी प्रोब नव्याने टेकवला होता, की जुन्याच गोठवलेल्या चित्रावर पुन्हा कॅलिपर (पडद्यावरच्या मोजायच्या खुणा) लावले? (हा घोळ फार जण करतात.)

धागाकर्ती
नव्याने टेकवला, खूणही पुसून पुन्हा केली. नियंत्रण गट आहे, त्याची दुसरी मोजणी बाकी आहे. जेल मात्र जेमतेम लावत होते.

उत्तर २
तिथेच गोम आहे. रेक्टस फिमोरिस दाबाखाली लगेच चपटा होतो. जेल भरपूर घ्या. चित्रात वर जेलचा काळा पट्टा आणि त्याखाली त्वचेची गोलाई दिसली पाहिजे. त्वचा सपाट दिसली तर तुम्ही दाबताय. झोपवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, पाय सैल असू द्या. प्रोब हाडाला काटकोनात आणा, हाडाची रेघ सर्वांत ठळक दिसेपर्यंत.

धागाकर्ती
आत्ता मैत्रिणीच्या मांडीवर करून पाहिलं. एकाच जागी, फक्त हात सैल सोडला तर आकडा ४ मिमीने वाढला! नियंत्रण गट आता कसा मोजू? जुन्याच दाबाने की नव्या पद्धतीने?