प्रति: फिक्सीची (चाकासोबत पेडलं सतत फिरणाऱ्या, फ्रीव्हील नसलेल्या सायकलची) चेन किती ताणावी?

चेन तारेसारखी ताठ ठेवली की उतरत नाही, असं या प्रश्नावर एकाने सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. जास्त ताणलेल्या चेनने मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) आणि बॉटम ब्रॅकेटची (पेडलांचा आस जिथे फिरतो त्या भागाची) बेअरिंग लवकर जातात. मधोमध बोटाने दाबल्यावर ती साधारण अर्धा इंच खाली-वर व्हायला हवी.

आणि हे एकाच जागी बघून भागत नाही. पेडलांजवळचं दातेरी चक्र क्वचितच अगदी मध्यावर बसलेलं असतं, म्हणून फिरताना चेन कुठे घट्ट, कुठे ढिली होते. पेडल हळूहळू फिरवा, सगळ्यात घट्ट जागा सापडेल, माप तिथेच घ्या. ताण बदलायला मागचं चाक सरकवताना त्याचे दोन्ही नट एकदम सैल करू नका. आळीपाळीने एकेक ढिला करत चाक थोडं थोडं मागे न्या.

ढिली चेन तर जास्त धोक्याची. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर पेडलं फिरतच राहतात, तिथे चेन उतरून अडकली तर मागचं चाक जाम होतं. पुढचा ब्रेक हवाच!

आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने आणि जांभ्याच्या धुळीने चेन लवकर खराब होते. पावसात भिजली की त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या. झिजलेली चेन लांबते. १२ इंचांमागे १/१६ इंच जास्त भरली तर चाक मागे ओढत बसू नका, सरळ बदला.