मदत हवी आहे: ‘यांच्यासारखं दुसरं कोण लिहितं?’ असं विचारणाऱ्या वाचकाला काय द्यावं?

मंडळी, मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. सभासद पुस्तक परत करतात आणि म्हणतात, “यांचं सगळं वाचून झालं. यांच्यासारखं दुसरं कोण लिहितं?” मागे रांग असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत काहीतरी हातात ठेवावं लागतं. नावं सुचत नाहीत अशातला भाग नाही. पण एकाच लेखकाचं नाव घेणाऱ्या दोघांना एकच गोष्ट हवी असते असं नाही, आणि तिथेच सगळं अडतं.

पु. लं.चंच बघा. एकाला ‘व्यक्ति आणि वल्ली’ हवं असतं, म्हणजे माणसं हवी असतात. त्याला मी माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ बिनधास्त देते. विनोदाची जातकुळी वेगळी, पण माणूस जवळून बघण्याची असोशी तीच. दुसऱ्याला ‘अपूर्वाई’ आवडलेली असते. त्याला ‘माणदेशी माणसं’ देऊन काय उपयोग? त्याला प्रवास हवा, तर मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ किंवा ‘दक्षिणरंग’ बघावं. तिसऱ्याला निव्वळ हसायचं असतं. त्याच्यासाठी चिं. वि. जोशींचा चिमणराव आहे, मिरासदार आहेत. तिघंही टेबलापाशी येऊन एकच वाक्य बोलतात: “पु. लं.सारखं काहीतरी द्या.”

कपाटाची यात काही मदत होत नाही. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं आणि आत कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाप्रमाणे लागतात. त्यामुळे शेजारच्या पुस्तकाचं नातं फक्त आद्याक्षराचं. सॉफ्टवेअरमध्ये लेखक, शीर्षक, विषय एवढंच शोधता येतं, आणि विषयाच्या रकान्यात ‘मराठी कादंबरी’ लिहिलेलं असतं. कादंबरी संथ आहे की वेगवान, शेवट अंगावर येतो की सुखाचा आहे, हे कुठेच नोंदलेलं नसतं. पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळांवर ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ असं दाखवतात, पण त्यातून काय एकत्र विकलं जातं तेवढंच कळतं.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातलेच तीन. परीक्षेसाठी पाठ केलेले हे सिद्धांत टेबलावर एकदम खरे होतात, आणि तिन्ही एकाच वेळी पाळणं किती अवघड आहे तेही तिथेच समजतं. मला हे काम मनापासून आवडतं. नवं पुस्तक घेऊन गेलेला वाचक पुढच्या वेळी “याच लेखकाचं अजून आहे का?” म्हणतो, तेव्हा तो दिवस माझा असतो.

तर अनुभवी मंडळींनो, तुम्ही वाचकाला नेमकं काय विचारता? “का आवडतं?” असं विचारलं की बहुतेक जण “छान लिहितात” म्हणून थांबतात. आणि कळलेलं टिपून कसं ठेवता, म्हणजे सुट्टीवर असताना टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ते वापरता येईल?

प्रतिसाद १

ताई, मी या कामातून निवृत्त झालो आहे. “का आवडतं” हा प्रश्न सोडून द्या, त्याने माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. त्याऐवजी म्हणा, “त्यांचं कुठलं पुस्तक सगळ्यात आवडलं? मी ते वाचलेलं नाही असं समजून मला सांगा.” आणि पहिल्या दोन वाक्यांकडे कान द्या. घटना सांगायला लागला तर त्याला कथानक धरून ठेवतं. “त्यात एक म्हातारा आहे ना...” अशी सुरुवात झाली तर पात्रं. गाव, जंगल, वाडा, जुना काळ आधी आला तर परिसर. आणि एखादं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं तर भाषा.

ही विभागणी माझी नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल पुस्तकात शिरायचे चार दरवाजे सांगतात, ते हेच. वाचक ज्या दरवाजाने आत गेला तो दरवाजा उघडा असलेलं दुसरं पुस्तक शोधायचं. ते त्याच प्रकारातलं असायलाच हवं असं नाही.

एक भर माझी. चार दरवाजांत मनःस्थिती बसत नाही, म्हणून ती वेगळी विचारावी. नारायण धारपांचे वाचक घ्या. काहींना ‘समर्थ’ हे पात्र असलेल्या कथा आवडतात, कारण कितीही भयंकर काही आलं तरी त्याला तोंड देणारं कोणी आहे हा दिलासा असतो. काहींना तो दिलासाच नको असतो, पुस्तक मिटल्यावरही भीती उरायला हवी असते. दुसऱ्या गटाला मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा देत असे. पहिल्या गटातल्या वाचकाला त्याच कथा दिल्या तर तो बेचैन होऊन परत येतो. म्हणून “शेवटी सगळं नीट व्हायला हवं का?” हा प्रश्न मी भयकथेच्या प्रत्येक वाचकाला विचारायचो.

प्रतिसाद २

मी ग्रंथपाल नाही, नुसती वाचक आहे. टेबलाच्या अलीकडून सांगते. मला आवडलेल्या पुस्तकांइतकंच अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं ते विचारा. आवडीबद्दल बोलताना आम्ही जरा सांभाळून बोलतो, भारदस्त नावं घेतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र खरं बोलतो: “पन्नास पानं झाली तरी काही घडेना”, “मूल जातं त्यात, पुढे वाचवेना”.

आणि एकच पुस्तक हातात देऊ नका. दोन-तीन समोर ठेवा आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य सांगा. “तुम्हाला आवडेलच” असं कृपया म्हणू नका. मग ते आवडलं नाही तर तुमच्यासमोर यायला संकोच वाटतो. “नाही जमलं तर दहा पानांनंतर परत आणा” म्हणालात तर मी हमखास परत येईन आणि काय जमलं नाही तेही सांगेन.

प्रतिसाद ३

लेखकाने स्वतः काय अनुवादित केलंय ते जरूर बघा. जी. ए. कुलकर्णींचं सगळं वाचून बसलेल्या वाचकाला त्यांनी मराठीत आणलेला अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर बरेचदा माहीत नसतो. जी. एं.ना जे वाचावंसं आणि मराठीत आणावंसं वाटलं ते त्यांच्या वाचकाला वेगळ्याच उत्सुकतेने वाचावंसं वाटतं.

पण हे सरसकट चालत नाही. पु. लं.नी हेमिंग्वेची म्हातारा कोळी आणि समुद्राची कथा ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली. पुस्तक सुंदर आहे, पण हसायला आलेल्या वाचकासाठी नाही. तेव्हा आधी प्रतिसाद १ मधला प्रश्न, मग ही युक्ती. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, पत्रसंग्रह यांतूनही लेखकाची आवडती नावं सापडतात.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सोडलेल्या पुस्तकाचा प्रश्न उद्यापासूनच विचारते. नोंदीचं मात्र अजून उमगत नाही. सभासदाच्या नावापुढे आवडीनिवडी लिहून ठेवाव्यात असं एका सहकाऱ्याने सुचवलं. कोण काय वाचतं हे दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडावं हे मला पटत नाही.

प्रतिसाद १

पटू देऊ नका. वाचकाचं वाचन त्याचं खाजगी असतं. वही पुस्तकांची ठेवा, माणसांची नको. एका पुस्तकाला चार ओळी पुरतात: गती कशी, कोणता दरवाजा सगळ्यात मोठा, मन कसं होतं, आणि ‘हे आवडलं तर पुढे काय’. शेवटच्या ओळीत दुसऱ्या पुस्तकाच्या नावासोबत कारण लिहाच. नुसती नावं लिहिली की सहकारी ती यादी सगळ्यांनाच वाचून दाखवतो. नमुना देतो:

‘माणदेशी माणसं’. गती संथ, पण प्रकरणं छोटी. दरवाजा पात्रांचा, त्याखालोखाल परिसराचा. मन हळवं होतं, रडवत नाही. पुढे: माणसांसाठी ‘व्यक्ति आणि वल्ली’, त्याच मुलखासाठी आणि कमी शब्दांतल्या लिखाणासाठी ‘बनगरवाडी’.

पुस्तक न वाचताच ओळी लिहायची वेळ आली तर पहिली दहा पानं, मधली दोन आणि शेवटचं प्रकरण चाळा. गती आणि भाषा तेवढ्यात कळते. बाकीचं वाचून परत करणाऱ्या सभासदाला विचारा, आनंदाने सांगतात.

मूळ धागाकर्ती

हे जमण्यासारखं आहे. सुरुवात सगळ्यात जास्त मागणी असलेल्या लेखकांपासून करते. आता एकच उरलं: फास्टर फेणे वाचून संपलेली मुलं. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा मराठीत आहेत, त्या मी देते, आणि रहस्य आवडणारी मुलं त्यात रमतात. पण काहींना रहस्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्यांना बन्याची, म्हणजे फास्टर फेणेची, धडपड आणि दोस्तमंडळी हवी असते. अशा मुलांना तुम्ही काय देता? नावासोबत कारणही लिहा, थेट वहीत उतरवून घेते.