धिप्पाड आघाडीपटूकडे चेंडू नेमका कुठे द्यावा? : रोमेलू लुकाकूच्या कारकिर्दीविषयी एक प्रश्न

विश्रामबागकर (सांगली) :

नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. उंची पाच फूट अकरा इंच, अंगाने भरलेला आणि डाव्या पायाचा. आमच्या घरातल्या दोन पिढ्या तालमीत घडलेल्या. ज्या जिल्ह्यातून हिंदकेसरी मारुती माने यांच्यासारखा मल्ल पुढे आला, तिथे असल्या बांध्याचा नातू लाल माती सोडून फुटबॉलच्या मैदानावर जातो, याचे आमच्या वडिलांना अजूनही नवल वाटते. पण तो विषय इथला नाही.

प्रश्न असा आहे. मुलाच्या प्रशिक्षकांनी त्याचा देह पाहून त्याला सर्वांत पुढे उभे केले आणि गोलकडे पाठ करून, मागून येणारे उंच चेंडू छातीवर किंवा डोक्यावर घेऊन इतरांना द्यायचे, एवढेच काम त्याच्यावर सोपवले. मुलगा बेल्जियमचा आघाडीपटू रोमेलू लुकाकू याला फार मानतो आणि त्याचे म्हणणे असे, की लुकाकू असा खेळतच नाही. प्रशिक्षकांच्या मते लुकाकू हा उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू आहे. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्यामुळे या वादात मला काहीच बोलता येत नाही. आकडे पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 121 गोल आणि बेल्जियमकडून 85 हून अधिक गोल, म्हणजे त्या देशाच्या इतर कोणत्याही खेळाडूपेक्षा पुष्कळ जास्त. आणि तरीही त्याचे नाव काढले की चारचौघे हसतात. असे का होते, आणि त्याचा खेळ नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

मिरजेचा प्रेक्षक :

आपल्या चिरंजिवांचे म्हणणे बरोबर आहे. प्रशिक्षकांची चूक झाली असली, तरी युरोपातल्या श्रीमंत क्लबांनी कोट्यवधी पौंड मोजून तीच चूक केलेली आहे, तेव्हा त्यांना एकट्याला दोष देऊ नये. लुकाकूला उभा पाहिला की कोणालाही वाटते, हा खांबासारखा एका जागी रोवावा आणि त्याच्यावर चेंडू मारावेत. प्रत्यक्षात तो मोकळ्या जागेत धावणारा खेळाडू आहे. धावताना शेजारी येऊन बिलगणाऱ्या बचावपटूला खांद्याने बाजूला ठेवण्यासाठी त्याला ते शरीर उपयोगी पडते, आणि एकदा वेग घेतला की त्याला अडवणे फार थोड्यांना जमते.

त्याचा जन्म 13 मे 1993 रोजी अँटवर्पमध्ये झाला. वडील रॉजर लुकाकू हे स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू आणि त्या वेळच्या झाइरच्या (आताच्या काँगोच्या) राष्ट्रीय संघाचे खेळाडू. परंतु त्यांची कारकीर्द उताराला लागल्यावर घरात इतकी ओढग्रस्त आली, की आई दुधात पाणी मिसळून ते आठवडाभर पुरवीत असे. हे त्याने स्वतः 2018 च्या विश्वचषकाच्या वेळी लिहिले आहे. सोळाव्या वर्षी बेल्जियममधल्या अँडरलेख्ट क्लबच्या पहिल्या संघात खेळायचे, असे त्याने लहानपणीच घरी सांगून ठेवले होते. सोळाव्या वाढदिवशी करार झाला आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, 24 मे 2009 रोजी, विजेतेपद ठरवणाऱ्या स्टँडर्ड लिएजविरुद्धच्या सामन्यात तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला. तो सामना अँडरलेख्टने गमावला. पुढच्या हंगामात मात्र संघ विजेता झाला आणि हा शाळकरी मुलगा 15 गोलांसह बेल्जियमच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला.

2011 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने त्याला घेतले, पण खेळवले नाही म्हटले तरी चालेल. खरा लुकाकू दिसला तो 2012-13 च्या हंगामात, वेस्ट ब्रॉम या दुसऱ्या इंग्लिश क्लबला उसना दिल्यावर. हा संघ सामन्याचा बराच वेळ मागे राहून बचाव करीत असे, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचे बचावपटू पुढे सरकत आणि त्यांच्या पाठीमागे मोकळे रान पडे. त्या रानात त्याने 17 गोल केले. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, 19 मे 2013 रोजी, मध्यंतरानंतर मैदानात येऊन त्याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि सामना 5-5 असा सुटला. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा प्रशिक्षक म्हणून तो अखेरचा सामना होता. पुढे एव्हर्टनमध्येही याच पद्धतीने 166 सामन्यांत 87 गोल झाले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. 2021 मध्ये चेल्सीने त्याला सुमारे 97.5 दशलक्ष पौंड देऊन परत आणले. त्या वेळचा चेल्सीचा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडणारा. अशा खेळात समोरचे दहाजण गोलसमोर गर्दी करून उभे राहतात आणि धावायला जागा म्हणून उरत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटे मैदानावर असूनही लुकाकूने चेंडूला अवघ्या सात वेळा स्पर्श केला, आणि त्यातला एक स्पर्श तर खेळ सुरू करतानाचा होता. लोक हसले ते या आकड्याला. त्याच्याकडे चेंडू का येत नव्हता, हा विचार थोड्यांनीच केला.

मुलाबरोबर बसून एकच सामना पाहायचा असेल, तर 2018 च्या विश्वचषकातील ब्राझीलविरुद्धची उपान्त्यपूर्व लढत पाहावी. बेल्जियमचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझ यांनी त्या दिवशी लुकाकूला मधोमध न ठेवता उजव्या बाजूला ठेवले. दुसऱ्या गोलच्या वेळी तो स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघतो, ब्राझीलच्या खेळाडूंना अंगावर घेत मध्याकडे शिरतो आणि अगदी योग्य क्षणी सहकारी डी ब्रॉयनाला पास देतो. त्या एका धावेत सर्व काही आहे.

अजिंक्यतारा (सातारा) :

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु ते वकिली थाटाचे, एकाच बाजूचे झाले आहे, असे नम्रपणे नमूद करतो. लोक हसतात त्याला सात स्पर्शांपेक्षा जुनी आणि सबळ कारणे आहेत. 2013 च्या युरोपीय सुपर कपमध्ये चेल्सीकडून खेळताना बायर्नविरुद्धची निर्णायक पेनल्टी त्याने दवडली. 2020 च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सेव्हियाचा विजयी गोल त्याच्याच पायाला लागून त्याच्या तेव्हाच्या संघाच्या, म्हणजे इटलीच्या इंटर मिलानच्या, जाळ्यात गेला. 1 डिसेंबर 2022 रोजी, विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध एक गोल हवा असताना, मध्यंतरानंतर येऊन त्याने एकामागून एक अशा संधी घालवल्या की पाहणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. सामना गोलशून्य राहिला आणि बेल्जियम गटातच बाद झाला. 2023 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इस्तंबूलमध्ये इंटरकडून गोलच्या तोंडाशी मारलेले त्याचे हेडर मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक एडरसनने पायाने अडवले आणि सिटी 1-0 ने जिंकली. मोठ्या दिवशी हातून निसटणे हे एकदा घडले तर दैव म्हणता येते.

दुसरे असे, की त्याचा चेंडूवरचा पहिला स्पर्श कच्चा आहे. चेंडू पायाला लागून दोन हात पुढे जातो आणि बचावपटू तो घेऊन जातो. यात मोकळ्या जागेचा काय संबंध? आणि डिसेंबर 2021 मध्ये, चेल्सीत येऊन सहा महिनेही झाले नसताना, इटालियन वाहिनीला मुलाखत देऊन आपण इथे समाधानी नाही असे सांगणारा खेळाडू पंधरा वर्षांच्या मुलासमोर आदर्श म्हणून ठेवावा का, याचाही पालकांनी विचार करावा.

कृष्णाकाठ :

साताऱ्याच्या मित्रांनी यादीत 2024 ची युरो स्पर्धा घातली नाही, हे उदार मनाचे लक्षण समजतो. तिथे स्लोव्हाकियाविरुद्ध दोन आणि रोमानियाविरुद्ध एक, असे त्याचे तीन गोल तपासणीनंतर रद्द झाले. त्यातल्या एका वेळी तर चेंडू सहकाऱ्याच्या हाताला ओझरता लागल्याचे चेंडूच्या आत बसवलेल्या यंत्राने पकडले. यात त्या बिचाऱ्याने काय करायचे होते?

क्रीडाशिक्षक, तासगाव :

मी शाळेत मुलांना खेळ शिकवतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो. मिरजेच्या प्रेक्षकांनी लुकाकूला धावणारा खेळाडू म्हटले, ते खरे आहे. परंतु गोलकडे पाठ करून खेळणे त्याला कधीच आले नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ते त्याला आले, फक्त उशिरा आले. 2019 मध्ये तो इंटर मिलानला गेला तेव्हा वयाची सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती. तिथे प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टे यांनी त्याला लाउतारो मार्टिनेझबरोबर दोघांच्या जोडीत खेळवले. ही जोडी महत्त्वाची आहे. एकटा आघाडीपटू पाठ करून चेंडू घेतो तेव्हा पास द्यायला जवळ कोणी नसते, आणि तो अडवून अडवून थकतो. जोडीदार दहा पावलांवर असला की एका स्पर्शात चेंडू देऊन स्वतः वळून धावता येते. इंटरमध्ये नेमके हेच घडत असे. पहिल्या हंगामात सर्व स्पर्धांत मिळून 34 गोल झाले. दुसऱ्या हंगामात लीगमध्ये 24 गोल आणि 11 गोलांना साहाय्य, शिवाय 2010 नंतर प्रथमच इंटरला इटलीचे विजेतेपद आणि युव्हेंट्सच्या सलग नऊ विजेतेपदांची अखेर.

आपल्या घरी तालमीची परंपरा आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पाठीवर आलेला प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पैलवानाला वळून न पाहता कळते, आणि तो ज्या बाजूला भार टाकतो त्याच्या उलट बाजूने पैलवान निसटतो. लुकाकूचे वळणे असेच आहे. तो बचावपटूला पाठीवर टेकू देतो, त्याचा भार अंगावर घेतो आणि मग चेंडूसकट फिरतो, तेव्हा टेकलेल्या माणसाचा तोल गेलेला असतो. हे सगळे कमरेत आणि पायांच्या ठेवणीत आहे; नुसते उंच चेंडू डोक्यावर घेण्याने ते येत नाही. उलट, एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही ती अशी, की इतकी उंची असूनही हवेतला चेंडू हे लुकाकूचे मुख्य हत्यार कधीच नव्हते. त्याला चेंडू जमिनीवरून, पायात किंवा पुढच्या जागेत हवा असतो.

पहिल्या स्पर्शाबद्दल साताऱ्याच्या सदस्यांचा आक्षेप मान्य आहे. तो आमच्या मुलांतही दिसतो, विशेषतः ज्यांची उंची लवकर वाढली त्यांच्यात, कारण बारा-तेरा वर्षांपर्यंत त्यांचे केवळ धक्क्यावर भागून जाते आणि पायाच्या सरावाकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्या मुलाला रोज अर्धा तास भिंतीवर चेंडू मारून दोन्ही पायांनी थांबवायला लावावे. खर्च काही नाही, शेजाऱ्यांची बोलणी तेवढी खावी लागतील.

मिरजेचा प्रेक्षक :

तासगावच्या गुरुजींनी माझी उणीव भरून काढली, आभार. अजिंक्यतारा यांना एवढेच सांगतो, की 2020 च्या त्याच अंतिम सामन्यात पाचव्या मिनिटाला स्वतःच मिळवलेल्या पेनल्टीवर इंटरचा पहिला गोल लुकाकूनेच केला होता, आणि क्रोएशियाविरुद्ध तो दुखापतीतून पुरता सावरलेला नसताना उतरला होता. चुकलेले हेडर लक्षात राहते, कारण तो तिथे पोहोचलेला असतो. जो आघाडीपटू तिथवर जातच नाही, त्याच्या नावावर चूकही लागत नाही. मुलाखतीबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे. ती त्याने द्यायला नको होती, आणि पुढे त्याने माफीही मागितली.

आणखी एक भर. 2024 मध्ये चेल्सीने त्याला अखेर कायमचे सोडले, तेव्हा तो इटलीतल्या नेपोलीला पुन्हा कॉन्टे यांच्याकडेच गेला. वेग पूर्वीचा राहिलेला नव्हता. तरी त्या हंगामात लीगमध्ये 14 गोल आणि 10 साहाय्ये झाली, आणि 23 मे 2025 रोजी कालियारीविरुद्ध विजेतेपद ठरले तेव्हा दुसरा गोल त्याचा होता. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, दोन वेगवेगळ्या क्लबांकडून विजेतेपद. यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर शोधायला हरकत नाही.

अजिंक्यतारा (सातारा) :

पेनल्टीचा मुद्दा मान्य. क्रोएशियाचा नाही. तंदुरुस्त नव्हता, तर चार पावलांवरून रिकाम्या जाळ्यात चेंडू घालायला किती तंदुरुस्ती लागते?

विश्रामबागकर (सांगली) :

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री आम्ही दोघांनी ब्राझीलविरुद्धचा तो गोल सहा-सात वेळा मागे-पुढे करून पाहिला. मुलाने एक गोष्ट दाखवली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. लुकाकू डाव्या पायाचा असूनही उजव्या बाजूला उभा होता, त्यामुळे चेंडू घेऊन आत वळताना त्याचा चांगला पाय आपोआप गोलच्या दिशेने येत होता. आमचाही डाव्या पायाचाच.

आज सकाळी मैदानावर जाऊन प्रशिक्षकांशी शांतपणे बोललो. तासगावच्या गुरुजींचा जोडीदाराचा मुद्दा त्यांना पटला, उजव्या बाजूचा पटला नाही. बरीच रदबदली झाल्यावर, येत्या रविवारच्या सराव सामन्यात उत्तरार्धापुरते उजवीकडे खेळवून पाहतो, असे ते म्हणाले. भिंतीचा सराव सुरू झाला आहे आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिली तक्रारही नोंदवली आहे.