तहकुबी की सवलत?

अनुवादी: करोनाकाळातल्या जागतिक मदतीवरचा लेख मराठीत करतेय. जी-२० देशांनी मे २०२० ते डिसेंबर २०२१ गरीब देशांच्या कर्जाचे हप्ते थांबवले होते. पात्र देश ७३, सामील झाले ४८. मी 'हप्तेतहकुबी' लिहिलं. संपादक म्हणतात, तहकूब सभा होते, हप्ते नाही. 'कर्जसवलत' करा म्हणे.

बांधावरून: संपादक शेतकऱ्याच्या घरातले नसणार. दुष्काळात शेतसाऱ्याला तहकुबी असायची आणि सूटही, पण दोन्ही वेगळ्या. सूट म्हणजे गेलं ते गेलं. तहकुबी म्हणजे यंदा नको, पुढच्या साली भरा. आमचे आजोबा तहकुबीचा हुकूम आला तरी तोंड पाडून बसायचे.

ऋजुता_: तहकूब परकी. 'ऋणस्थगन' काय वाईट?

बांधावरून: कर्ज अरबी, हप्ता फारसी. सगळ्यांनाच परत धाडायचं का? ऋणस्थगन वाचून पोटात दुखल्यासारखं वाटतं.

पेणकर: 'सवलत' मात्र नकोच. २०२० मध्ये आपल्याकडे बँकांनी हप्ते थांबवले, तेव्हा सोसायटीतले निम्मे लोक माफीच समजले. पुढे व्याज मुद्दलात चढलं तेव्हा डोळे उघडले. आणि सगळे मोरॅटोरियमच म्हणत होते, ही शब्दचर्चा कुणी केली नाही.

अनुवादी: इथेही व्याज चालूच होतं. शिवाय खासगी रोखेधारक, म्हणजे देशांचे कर्जरोखे विकत घेतलेले गुंतवणूकदार, बाहेरच राहिले. झांबियाने त्यांच्याकडे मुदत मागितली, ती मिळाली नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये देशाचा हप्ता थकला. बरं, पुढचा अडथळा: 'विशेष आहरण अधिकार', म्हणजे एसडीआर; गरजेला ते देऊन इतर देशांकडून डॉलरसारखं चलन घेता येतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑगस्ट २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलरचे वाटले. वाटप ज्याच्या त्याच्या कोट्याप्रमाणे, म्हणजे निधीतल्या वाट्याप्रमाणे, म्हणून सर्वात गरीब देशांना मिळाले जेमतेम २१ अब्ज.

बांधावरून: आहरण? सीतेचं झालं ते? सरळ 'उचल हक्क' लिहा.

ऋजुता_: ते हरण. आहरण म्हणजे आणणे, काढून घेणे. कोषागारात 'आहरण व संवितरण अधिकारी' असतो, विचारा कुणा सरकारी नोकराला.

बीडवाला: उचल नको हो. आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. फिटेपर्यंत सुटका नाही. एका कोयत्यामागे ठरते ती.

पेणकर: कोयत्यामागे म्हणजे? हत्यारावर पैसे?

अनुवादी: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. तहकुबी ठेवू ना?

बीडवाला: हत्यार नाही, माणसं. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गेला तर अर्धा.

ऋजुता_: अर्धा कोयता! हा कुठल्या कोशात आहे का?