जर्मनीत शिकायला येताना आरोग्यविमा: पब्लिक की पॅकेजमधला स्वस्त?

प्रेषक: नवी विद्यार्थिनी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरपासून स्टुटगार्ट विद्यापीठात मास्टर्सला येते आहे, वय २४. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) उघडताना त्याच कंपनीने विम्याचं पॅकेज पुढे केलं. महिना तीसेक युरोचा प्रायव्हेट विमा, एका क्लिकमध्ये सगळं होतं म्हणे. सीनियर सांगतात की पब्लिकला, म्हणजे इथल्या सरकारी नियमांनी चालणाऱ्या विम्याला, महिना दीडशेच्या आसपास जातात. खात्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येणार, त्यातून खोलीचं भाडं, जेवणखाण. बाबा म्हणतात, धडधाकट आहेस, स्वस्त तो घे. लहानपणापासून दमा आहे, पण इनहेलरवर आटोक्यात असतो. १५ सप्टेंबरला पोचतेय. काय करू?

---

प्रेषक: मंडळातली काकू, स्टुटगार्ट

अगं, आधी एकच सांगते: त्या पॅकेजवर सही करू नकोस. बाबांनाही ही मेल वाचायला दे.

इथे तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला पब्लिक विमा बंधनकारक आहे. ज्याला तो नको असेल त्याने सूट मागायची असते. तिला बेफ्रायुंग म्हणतात. विमा लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ती मागता येते, आणि एकदा मिळाली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पॅकेजच्या फॉर्ममध्ये हीच सूट कुठेतरी बारीक अक्षरांत असते, आणि पोरं घाईत खूण करून मोकळी होतात. दोन महिन्यांनी वाटलं की चूक झाली, पब्लिकमध्ये यावं, तर कोणतीही क्रांकेनकासं, म्हणजे पब्लिक विमा देणारी संस्था, घेत नाही. तिलाच इथे नुसतं कासं म्हणतात.

आता तुझ्या दम्याचं. ह्या स्वस्त पॉलिसी बहुतेक प्रवासविम्याच्या धर्तीवर असतात आणि आधीपासूनचे आजार वगळतात. मंडळातल्या एका मुलाला टाइप १ मधुमेह आहे. त्याच्या प्रायव्हेट कंपनीने इन्शुलिनचा एक सेंटही दिला नाही. दर महिन्याला खिशातून भरायचा आणि परीक्षेच्या दिवसांत डोस पुरवून पुरवून घ्यायचा. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पब्लिक कासं तुला दमा आहे म्हणून नाकारू शकत नाही आणि हप्ताही वाढवू शकत नाही. टीके, आओके, बार्मर, डीएके, ह्यातली कुठलीही कासं घे. मूळ हप्ता सगळीकडे सारखाच, वरचा अधिभार तेवढा कमीजास्त. तेविशीच्या पुढच्या मूल नसलेल्या विद्यार्थ्याला सगळं मिळून महिना १५० युरोंच्या आसपास पडतात. कमी नाहीत, मान्य. पण त्यात तपासण्या, लसी, रुग्णालय, बाळंतपण, मानसोपचार असं सगळं येतं. औषधाला साधारण ५ ते १० युरो, रुग्णालयात दिवसाला १० युरो एवढंच तू भरायचंस.

इथलं कामकाज कसं चालतं ते सांगते. डॉक्टरकडे गेलीस की रिसेप्शनवर तुझा फोटो असलेलं कार्ड मशीनला लावतात. औषधाची चिठ्ठी त्याच कार्डावरून निघते. २०२४ पासून कागदाची चिठ्ठी जवळजवळ गेलीच. औषधाच्या दुकानात तेच कार्ड दाखवलं की इनहेलर हातात. बिल, क्लेम, कसली भानगड नाही. प्रायव्हेटमध्ये बिल तुझ्या नावावर येतं, आधी तू भरायचं आणि मग कंपनीला पाठवून वाट बघायची.

तारखांचं मात्र नीट लक्षात घे. विद्यापीठाचं हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी तुझा विद्यार्थ्याचा पब्लिक विमा सुरू होत नाही. म्हणजे १५ सप्टेंबर ते ३० सप्टेंबर तू उघड्यावर. तेवढ्यापुरती प्रवासविम्याची पॉलिसी घे. व्हिसासाठी ती तशीही मागतात. एखाददुसरा आठवडा जास्तीचा ठेव, नाव नोंदवायला उशीर झाला तर कामी येईल. पब्लिकचा अर्ज तिथूनच ऑनलाइन कर. कासं विद्यापीठाला परस्पर कळवते, त्याला एम १० म्हणतात. तो पोचल्याशिवाय नाव नोंदवून घेत नाहीत.

येण्याआधी दात तपासून घे, चष्म्याचा नंबर बदलला असेल तर दोन चष्मे कोल्हापुरातच करून आण. पब्लिक विम्यात मोठ्यांचा चष्मा सहसा बसत नाही आणि दातांच्या कॅपसाठी ठरावीकच रक्कम मिळते.

आणि हप्ता थकवू नकोस. थकला की कासं विद्यापीठाला कळवते आणि पुढच्या सेमेस्टरची नोंदणी अडते.

---

प्रेषक: सभासद, आखन

काकूंनी लिहिलंय त्यात भर. महिना चार-पाच युरोत हाफ्टफ्लिष्ट मिळतो, तोही घे. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा. सक्तीचा नाही, पण इथे बहुतेकांकडे असतो. हॉस्टेलची किल्ली हरवली आणि ती अख्ख्या इमारतीच्या कुलपांना जोडलेली असेल तर बिल हजारांत जातं. किल्लीचं नुकसान पॉलिसीत आहे ना, ते विचारून घे.

माझाही एक प्रश्न. माझा मेहुणा ३२ वर्षांचा आहे, नोकरी सोडून मास्टर्सला येतोय, बरोबर बायको. त्याला पब्लिक मिळेल का?

---

प्रेषक: मंडळातली काकू, स्टुटगार्ट

नाही हो, तिथे दार बंद आहे. विद्यार्थ्याचा हप्ता तिशी पूर्ण होते त्या सेमेस्टरपर्यंतच. त्यानंतर येणाऱ्याचा आधी युरोपात पब्लिक विमा नसेल तर स्वेच्छेने सभासद होण्याची वाटही सहसा नसते. त्यांना प्रायव्हेटच घ्यावा लागेल. मग निदान पूर्ण संरक्षणाचा तरी घ्या. आधीचे आजार, बाळंतपण, दात, आणि खर्चावर वरची मर्यादा आहे का, ह्या चार गोष्टी लेखी मागा. व्हिसा वाढवायला गेलात की कार्यालय पॉलिसी बारकाईने बघतं. बायकोची पॉलिसी वेगळी. त्यांना ती चुकवू देऊ नका. पब्लिकमध्ये कमावत नसलेला जोडीदार फुकटात बसतो, प्रायव्हेटमध्ये तसं नाही. शिक्षण संपून पगारदार नोकरी लागली आणि पगार वार्षिक मर्यादेच्या आत असला की पब्लिकमध्ये येता येतं.

---

प्रेषक: नवी विद्यार्थिनी, कोल्हापूर

काकू, बाबांना मेल वाचून दाखवली. त्यांनी स्वतःच कंपनीला फोन करून पॅकेज रद्द केलं. पब्लिकचा अर्ज आज भरते. कार्ड पोस्टाने येतं ना? माझा पत्ता तर हॉस्टेलचा असेल.

---

प्रेषक: मंडळातली काकू, स्टुटगार्ट

छान केलंत. पोचल्यावर पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव. आधीच्या मुलाचं नाव तसंच राहिलं असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कार्ड यायला काही आठवडे लागतात. तोवर दम्याचा त्रास झाला तर कासंकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागव, डॉक्टरांना ते चालतं. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये ठेव, आणि इनहेलर दोन-तीन महिन्यांचे चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत आण.