सी भाषेत फाइल उडवायला किंवा तिचं नाव बदलायला रिमूव्ह आणि रिनेम ही फंक्शन्स पुरेशी नाहीत का?

तर्कटतात्या: ऑफिसात एका नव्या मुलाने टेंप म्हणजे तात्पुरती फाइल डिलीट करायला चक्क सिस्टिम फंक्शनमधून आरएम ही युनिक्सची फाइल उडवायची कमांड चालवली आहे. विंडोजवर आरएम कुठून आणणार? शिवाय फाइलच्या नावात स्पेस किंवा सेमीकोलन आला की शेल, म्हणजे ती कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, काय दिवे लावेल ते वेगळंच. सी भाषेच्या 1989 च्या एएनएसआय स्टँडर्डपासून रिमूव्ह आणि रिनेम आहेत. युनिक्सचं अनलिंक, विंडोजचं डिलीटफाइल आणि सिस्टिमप्रमाणे वेगळा कोड निवडणाऱ्या इफडेफचं जंगल हवंय कशाला? हे दोन वापरा, रिटर्न व्हॅल्यू तपासा, विषय संपला.

खिडकीबहाद्दर: सिस्टिमबद्दल सहमत. पण विषय इतक्यात संपत नाही, तात्या. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर रिनेमने काय करायचं, हे स्टँडर्डने कंपायलर-लायब्ररीवाल्यांवर सोडलंय. सेटिंग्ज सेव्ह करायची नेहमीची रीत घ्या: टेंप फाइल लिहायची, मग तिला खऱ्या फाइलचं नाव द्यायचं. लिनक्सवर जुनीच्या जागी नवी गुपचूप येते. विंडोजवर पहिलं सेव्ह झोकात, दुसऱ्याला बोंब.

तर्कटतात्या: मग आधी रिमूव्ह करा की! एक ओळ वाढली.

खिडकीबहाद्दर: आणि त्या दोन ओळींच्या मध्ये प्रोग्रॅम मेला तर? जुनी फाइल गेली, नवी अजून टेंप नावानेच पडलेली. पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्स-लिनक्सवाल्यांच्या स्टँडर्डचा रिनेम अशा वेळी नाव मधल्यामध्ये गायब होऊ देत नाही. विंडोजसाठी तिच्याच मूव्हफाइलएक्स फंक्शनला रिप्लेस-एक्झिस्टिंगचा, म्हणजे असलेल्या फाइलच्या जागी नवी ठेवायचा फ्लॅग द्या. एक इफडेफ लागेल, तो एकाच फंक्शनमध्ये कोंडा.

कर्नलकाकू: टेंप फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवा म्हणजे झालं. टेंपची डिरेक्टरी वेगळ्या फाइलसिस्टिमवर, जसं की दुसऱ्या डिस्कवर, असेल तर लिनक्सवरही रिनेम एक्सडेव्ह ही एरर देऊन हात वर करतो. आणि आधी एफक्लोजने फाइल बंद करा हो! युनिक्सवर उघडी फाइल उडवली तर नाव जातं, डेटा ती फाइल उघडी ठेवणारं शेवटचं हँडल बंद होईपर्यंत राहतो. विंडोजवर एफओपनने उघडलेली फाइल उडवायला जा, 'परमिशन डिनाइड' ऐकून परत या.

तर्कटतात्या: बरं, रिनेमला रॅपर, म्हणजे वरून आपलं एक फंक्शन, घाला. रिमूव्हला तरी सोडा, तो सगळीकडे सारखाच.

कर्नलकाकू: त्याला रिकामा फोल्डर देऊन बघा. लिनक्सवर उडतो, विंडोजवर जागचा हलत नाही.

तर्कटतात्या: फोल्डर कोण देतंय रिमूव्हला?

खिडकीबहाद्दर: आरएम चालवणारा तो मुलगा देईल.