फोटो एडिटिंगचा कॉम्प्युटर: जुनाच सुधारलात की नवा घेतलात? अनुभव सांगा

नमस्कार. मी नाशिकची. बहुतेक रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जाते. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, त्याच्याही आधीपासून जाते. गेल्या दिवाळीत कॅमेरा बदलला. आधीचा १८ मेगापिक्सेलचा होता, हा ३२ चा आहे आणि सेकंदाला १५ फ्रेम काढतो. भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खाली झेपावला की बटणावरचं बोट उचलवत नाही. एका सकाळीत हजारभर रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेला सगळा तपशील तसाच ठेवणाऱ्या) होतात, म्हणजे ३५ जीबीच्या आसपास.

कॉम्प्युटर मात्र २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लाइटरूममध्ये (फोटो निवडायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पुढचा फोटो घेतला की आधी धूसर दिसतो आणि चार-पाच सेकंदांनी स्पष्ट होतो. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस बसलाय का, एवढंच मला बघायचं असतं. हजार फोटोंना हजार वेळा थांबायचं. पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० च्या खाली येत नाही, फोटोत दाणे येतात, त्यामुळे ते काढणारं डिनॉइज लागतंच. घड्याळ लावून बघितलं, एका फोटोला १८ मिनिटं लागली.

दुकानदार म्हणतो, "ताई, यात आता पैसे घालू नका, नवीनच घ्या." ८५ हजारांचा आकडा सांगितला. दीर म्हणतात, रॅम वाढव, होईल काम. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (नेहमीचे सुरक्षा अपडेट) संपला आणि विंडोज ११ च्या यादीत माझा प्रोसेसर बसत नाही.

तुम्ही अशा वेळी काय केलंत? काय फरक पडला, पैसे कुठे वाया गेले? चुकलेलं असेल तर तेही नक्की लिहा, मला त्याचीच जास्त गरज आहे.

*

साताऱ्याहून, लग्नाचे फोटो आणि अल्बम

ताई, आधी एक काम करा. एडिट चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. ज्या क्षणी कॉम्प्युटर अडकतो, त्या क्षणी मेमरी भरलीय, की डिस्क १०० टक्क्यांवर गेलीय, की प्रोसेसर, ते बघून कागदावर लिहून ठेवा. आठवडाभर लिहा. मी हे केलं नसतं तर लाखभर रुपये घालवून बसलो असतो.

आमच्या अल्बमचं एक शीट १२ बाय ३६ इंच. ३०० डीपीआयला ते ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. भरलेला एक लेयर साध्या ८ बिटमध्येसुद्धा १०० एमबीच्या वर जातो. एका शीटवर पंधरा-वीस लेयर, वर मास्क, वर हिस्टरी. १६ जीबी रॅम कधीच भरायची आणि उरलेला सगळा माल फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर टाकायचं. ती स्क्रॅच डिस्क म्हणजे माझी जुनी फिरती हार्ड डिस्क! कंट्रोल-झेड दाबलं की माउसचा बाण जागच्या जागी गोठायचा. ऐन लगीनसराईत रात्री दोन वाजता ते गोठलेलं शीट बघत बसणं काय असतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

मशीन रायझन ५ २६०० प्रोसेसरचं, तेव्हा सहा वर्षांचं. रॅम ३२ केली, विंडोजसाठी एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क) टाकली आणि दुसरी साधी साटा एसएसडी फक्त स्क्रॅचसाठी दिली. बाकी काहीच बदललं नाही. शीट आता अडकत नाही. बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केल्यावर विंडोज ११ सुद्धा रीतसर बसलं. तेच मशीन अजून रोज बारा तास चालतंय.

*

सोलापूरहून, स्टुडिओ

मी चुकलेला अनुभव लिहितो.

माझा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह होता, डीडीआर३ रॅमवाला. डिनॉइज ग्राफिक्स कार्डावर चालतं एवढं ऐकलं आणि कार्ड आणलं. चांगलं होतं, पण त्याला ८ पिनची वेगळी पॉवर लागायची. माझा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच आलेला, स्टिकरवर ४५० वॉट लिहिलेलं. त्याला ८ पिनची केबलच नव्हती. बसवणाऱ्या मुलाने हार्ड डिस्कच्या दोन केबली जोडून कन्व्हर्टर लावला. मी समोर उभा होतो, विचारलंही, "चालेल ना रे?" तो म्हणाला, चालतं सर.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी बारशाचे फोटो डिनॉइजला लावले होते. जळका वास आला, स्क्रीन काळी झाली. कन्व्हर्टरचं प्लॅस्टिक वितळून पिनांना चिकटलं होतं. मदरबोर्ड गेला. ग्राफिक्स कार्ड वाचलं. फोटो वाचले ते केवळ कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मी फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून.

म्हणून कळकळीने सांगतो, ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसचा फोटो काढा. कंपनी कोणती, पिना कोणत्या, किती वर्षं वापरलाय, हे दुकानात दाखवा. आणि काहीही उघडण्याआधी बॅकअप घ्या, दोन ठिकाणी.

*

येवल्याहून, पैठणीचे फोटो

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण या धाग्यात ती यायला हवी असं वाटलं.

आम्ही विणकर घरातले. गेली चार वर्षं आमच्या आणि शेजारच्या मागांवरच्या पैठण्यांचे फोटो मी काढते, त्यावर बाहेरगावच्या ऑर्डरी येतात. मोरपंखी नेसूच्या पैठण्या परत येऊ लागल्या. "फोटोत हिरवट होती, हातात निळी आली." पैठणीचा मोरपंखी दोन रंगांच्या धाग्यांचा असतो, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. उजेडाची दिशा बदलली की रंग सरकतो, तीच त्या वस्त्राची शोभा. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळ्या मोरपंखी सारख्याच दिसायच्या आणि मान जरा खाली केली की वेगळ्याच. मला वाटलं, लॅपटॉप जुना झालाय, त्याचं ग्राफिक्स कमी पडतंय. नवा घ्यायला निघालेच होते.

नाशिकच्या एका प्रिंट लॅबमध्ये काम करणाऱ्या ताईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, तुझा स्क्रीनच तेवढे रंग दाखवत नाही, मशीन कितीही पळालं तरी तुला चुकीचाच रंग वेगाने दिसेल. मग २४ इंची आयपीएस मॉनिटर (तिरकं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) घेतला, एसआरजीबी, म्हणजे फोटोंसाठीचे नेहमीचे ठरलेले रंग, पूर्ण दाखवणारा, आणि तो त्याच जुन्या लॅपटॉपला जोडला. सोबत कॅलिब्रेटर. ते यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवायचं, ते रंग मोजतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल बनवतं. दर महिन्याच्या एक तारखेला करते.

पहिल्या दिवशी मी पैठणी मॉनिटरशेजारी खिडकीच्या उजेडात धरली. पदरावरच्या मुनियाच्या चोचीचा लाल आणि स्क्रीनवरचा लाल, दोन्ही एक! आईला हाक मारून दाखवलं. रंगावरून परत येणाऱ्या साड्या जवळजवळ थांबल्या. लॅपटॉप अजून तोच आहे, सात वर्षांचा. हळू आहे, पण माझे दिवसाला वीसच फोटो असतात.

*

ठाण्याहून

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. घेताना "पुढे रॅम वाढवू" असं मनात धरू नका, आधी स्लॉट आहे का ते बघा. माझ्या पातळ लॅपटॉपची ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली निघाली, तिसऱ्या वर्षी हात टेकले. ॲपलच्या एम-वन आणि नंतरच्या मॅकबुकमध्येही मेमरी नंतर वाढवता येत नाही, जे घ्यायचं ते पहिल्याच दिवशी. मी या वेळी १६ जीबी घेतली आणि फोटो बाहेरच्या एसएसडीवर ठेवते. समाधानी आहे.

*

पुण्याहून, निवृत्त, वय ६७

घरातले १९५० पासूनचे फोटो मी स्कॅन करतो आहे. आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो, पानशेतच्या पुरातून वाचलेले तीन फोटो, असे आजवर दोन हजारांवर झाले. लॅपटॉप २०१४ चा. सुरू व्हायला चार मिनिटे घेत असे. मुलगा म्हणाला, नवा घेऊन देतो. मी त्याला सांगितले, आधी एक प्रयत्न करू.

हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली. काढलेली हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) घातली, त्यामुळे साठवणही राहिली. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकले. डार्कटेबल, गिंप आणि डिजीकॅम ही फोटोंची सॉफ्टवेअर, तिन्ही मोफत आहेत. डिजीकॅममध्ये प्रत्येक फोटोला माणसांची नावे आणि साल जोडतो. लाइटरूम आणि फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत, तेव्हा ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांनी हा मार्ग धरू नये. माझे काम उत्तम चालले आहे. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

*

मालवणहून

खर्च करण्याआधी मशीन साफ करून घ्या! एक्सपोर्ट लावलं की तापून माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग २.६ वरून १.१ गिगाहर्ट्झवर यायचा. उघडला तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर. साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, वेग परत आला. आमच्याकडे खाऱ्या हवेने हे लवकर होतं.

*

बंगळुरूहून, मूळ अमरावती

नाशिकच्या ताई, तुमचं दुखणं दोन वेगळ्या जागी आहे, ते वेगळंच धरा.

फोटो निवडताना जो वेळ जातो तो एक पैसाही न घालता कमी होईल. कॅमेरा प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात एक जेपीईजी ठेवतोच. इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूच्या यादीत 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडा, लाइटरूम तोच जेपीईजी दाखवेल, नवा बनवत बसणार नाही. त्यानंतर एसएसडी. कॅटलॉग (लाइटरूमची नोंदवही) आणि प्रिव्ह्यूच्या हजारो बारीक फाइली सतत वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कचं डोकं त्यांच्यासाठी इकडून तिकडे धावत राहतं, एसएसडीला धावावं लागत नाही. रॉ फाइली हार्ड डिस्कवर राहिल्या तरी चालतील.

डिनॉइज हे मात्र जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डाचं काम. तिथे रॅम वाढवून काही मिळणार नाही.

आणि खरेदी करताना प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारा: उद्या नवा कॉम्प्युटर घेतला तर ही त्यात जाईल का? एसएसडी जाईल, ग्राफिक्स कार्ड जाईल, मॉनिटर जाईल, चांगला एसएमपीएस जाईल. तुमच्या मशीनला लागणारी डीडीआर४ रॅम आजच्या नव्या बोर्डांवर बहुधा जाणार नाही, त्यांना डीडीआर५ लागते. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. दिरांचं ऐकायचंच असेल तर वापरलेली ८ जीबी शोधा, नवी नको. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते, ती नोंदणी करून घ्या. तेवढा अवधी तुमच्या हातात आहे.

*

पुन्हा नाशिकहून

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

साताऱ्याच्या दादांनी सांगितलं तसं लिहून काढलं. निवडताना डिस्क सतत १०० टक्के, डिनॉइजला ग्राफिक्स १०० टक्के. मेमरी दोन्ही वेळा भरत आलेली, पण कॉम्प्युटर अडकत होता तो तिच्यामुळे नाही.

५०० जीबीची एनव्हीएमई घेतली, बोर्डावर जागा होती. कॅबिनेट उघडून एसएमपीएसचा फोटो काढला आणि सोलापूरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी केबल लागत नाही. वापरलेली ८ जीबी रॅम दिरांनीच मिळवून दिली. १८ मिनिटांचं डिनॉइज आता मिनिटाभरात होतं. बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम सप्टेंबरमध्ये घेईन, एसएसडी आणि कार्ड त्यात जातील.

कालच्या रविवारचे ९४० फोटो दुपारच्या जेवणाआधी निवडून झाले. त्यात जांभळ्या पाणकोंबडीचा एक आहे, तिचा निळा रंग माझ्या स्क्रीनवर खरा दिसतोय की नाही याची आता शंका येते. येवल्याच्या ताई, नांदूरमध्यमेश्वरहून तुमचं गाव लांब नाही. एखाद्या रविवारी तुमचा कॅलिब्रेटर बघायला आले तर चालेल का?